लक्ष्मण यांची चौकट आणि दैनिकातील व्यंगचित्रकाराची नोकरी

आपण उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहात, आर. के. लक्ष्मण हे आपले दैवत आहे आणि आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत : लक्ष्मण यांची कारकीर्द नेमकी कशी घडली, दैनिकातला राजकीय व्यंगचित्रकार दिवसभर करतो काय, आणि आजच्या काळात या कामावर पोट भरेल का. सोबत आपली तीन चित्रेही पाठवली आहेत. मी गेली ३१ वर्षे मराठी दैनिकांत हेच काम करीत आलो आहे, त्यांपैकी २२ वर्षे पगारावर आणि उरलेली मानधनावर. त्यामुळे मी जे सांगतो आहे ते रसिकाच्या नव्हे, तर रोज संध्याकाळी पान सुटण्याच्या, म्हणजे छपाईला जाण्याच्या, वेळेकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाच्या बाजूने सांगतो आहे, हे गृहीत धरून वाचावे.

लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ रोजी म्हैसूर येथे झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते, सहा मुलग्यांत हे शेंडेफळ, आणि थोरल्या भावांपैकी एक पुढे आर. के. नारायण या नावाने इंग्रजी कथा-कादंबरीत नावाजले. घरात येणाऱ्या ‘द हिंदू’मध्ये अधूनमधून ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांची चित्रे छापली जात आणि त्याखालची इंग्रजी सही हा मुलगा कित्येक दिवस ‘लो’ऐवजी ‘काउ’, म्हणजे गाय, अशी वाचत असे. या किश्श्याला सगळे हसतात, पण मला तो आमच्या धंद्याच्या दृष्टीने मोलाचा वाटतो, कारण ज्याचे नावसुद्धा धड वाचता येत नाही त्याची रेषा मात्र तो रोज गिरवत होता. पुढे त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे अर्ज केला, तेव्हा प्रवेश देण्याजोगी गुणवत्ता चित्रांत दिसत नाही, असे उत्तर आले. मग त्यांनी म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात बी. ए. केले, भावाच्या कथांसाठी चित्रे काढली, ‘कोरवंजी’ या कन्नड विनोदी मासिकासाठी व्यंगचित्रे काढली आणि मुंबई गाठली.

मुंबईत ते आधी ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये होते आणि तेथे त्यांचे सहकारी होते बाळ ठाकरे. एकाच दैनिकात बसणाऱ्या, लो यांनाच गुरुस्थानी मानणाऱ्या या दोघांच्या वाटा पुढे इतक्या वेगळ्या झाल्या, की व्यंगचित्रकारितेच्या अभ्यासकाने त्या समोरासमोर ठेवून पाहाव्यात. लक्ष्मण १९४७ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि अर्धशतकाहून अधिक काळ तेथेच राहिले. ठाकरे १९६० मध्ये नोकरी सोडून बाहेर पडले आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला त्यांनी ‘मार्मिक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले, त्यातून पुढे १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली. एकाने कुंचल्याने पक्ष उभा केला आणि दुसऱ्याने कोणत्याच पक्षाला सोडले नाही. दोघांचाही ब्रशवरचा ताबा असा होता, की आजही त्यांचे मूळ चित्र पाहायला मिळाले तर मी आधी विनोद वाचत नाही, फटकाऱ्यात शाई कोठे संपली आहे ते पाहतो.

‘लक्ष्मण घडले कसे’ याचे माझे उत्तर मात्र त्यांच्या हातात नाही, तर एका छोट्या चौकटीत आहे. १९५१ मध्ये ‘टाइम्स’मध्ये ‘यू सेड इट’ हे पॉकेट कार्टून, म्हणजे एका चौकटीचे छोटे व्यंगचित्र, सुरू झाले. आतल्या पानावर अग्रलेखाशेजारी येणारे मोठे राजकीय व्यंगचित्र आणि पॉकेट कार्टून यांत केवळ आकाराचा फरक नसतो. मोठ्या चित्रात पुढारी हे नायक असतात, प्रतीके असतात, युद्ध, करार, अर्थसंकल्प असे विषय असतात. पॉकेट कार्टून वाचणारा माणूस मात्र लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून उभा असतो आणि त्याच्याजवळ चारपाच सेकंद असतात. त्या चारपाच सेकंदांची जागा एकाच माणसाकडे, रोज, ठरलेल्या ठिकाणी आणि इतकी वर्षे राहिली, ही गोष्ट भारतीय वर्तमानपत्रांत फार थोड्यांच्या वाट्याला आली. गुणवत्ता तर होतीच. पण तितक्याच गुणवत्तेचे काही लोक मी पाहिले आहेत, ज्यांची जागा जाहिरातीनुसार कधी तिसऱ्या पानावर, कधी सातव्या पानावर, तर कधी थेट कचऱ्याच्या टोपलीत जात असे. वाचकाला त्यांची सवय लागलीच नाही. आमच्या कामात सवय म्हणजे अर्धी कमाई असते.

त्यांचा ‘कॉमन मॅन’ही त्या चौकटीतूनच, किंबहुना वेळेच्या टंचाईतून जन्माला आला. सुरुवातीला ते आपल्या चित्रांत भारतीय जनता दाखवण्यासाठी बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी अशी निरनिराळ्या वेशांतील माणसे काढत असत. पण रोज वेळेत चित्र द्यायचे म्हटल्यावर ही गर्दी परवडेना, म्हणून ते एकेक माणूस कमी करीत गेले आणि शेवटी उरला तो चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि टकलाच्या कडेने उरलेले विरळ केस असलेला एक म्हातारा, जो कधीही बोलत नाही. त्याचे न बोलणे ही मला त्या मालिकेतली सगळ्यांत मोठी युक्ती वाटते. चित्रात बोलतो तो मंत्री, कारकून, डॉक्टर, भिकारी किंवा खुद्द त्या म्हाताऱ्याची बायको. तो नुसता ऐकतो, त्यामुळे विनोदाचे ओझे त्याच्यावर पडत नाही आणि वाचक नकळत त्याच्या जागी जाऊन उभा राहतो. तो बोलका असता तर वर्षभरात कंटाळवाणा झाला असता, असे मी अनुभवाने सांगतो; मी स्वतः एका दैनिकात ‘बापूकाका’ नावाचे बोलके पात्र चालवले होते आणि दीड वर्षात त्याला माझ्याच हाताने निवृत्त करावे लागले.

आता दिवसाविषयी. व्यंगचित्रकार दिवसभर चित्रे काढतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात चित्र काढायला मला पाऊण तास ते दीड तास लागतो आणि उरलेला सगळा दिवस वाचण्यात आणि सुचलेले टाकून देण्यात जातो. सकाळी पाचसहा वर्तमानपत्रे, त्यांत एखादे तरी जिल्ह्याचे, कारण मुंबईच्या पत्रकाराला जी बातमी दोन ओळींची वाटते ती परभणीत पहिल्या पानावर असते. दुपारी संपादकीय बैठक. तेथे मी शक्यतो गप्प बसतो. बैठकीत सुचलेला विनोद हा बैठकीपुरताच असतो. पाच पत्रकार हसले म्हणजे वाचक हसेल असे नाही, कारण त्या पाचांना बातमीची पार्श्वभूमी माहीत असते.

एक उदाहरण जरा जवळून दाखवतो. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात ‘येत्या १५ दिवसांत सगळे खड्डे बुजवू’ अशी ग्वाही देणारी बातमी आली. असा विषय आला की सुरुवातीला सुचते ते सगळ्यांनाच सुचते : खड्ड्यात पडलेला मंत्री, खड्ड्यात सोडलेली होडी, खड्ड्याचे फीत कापून उद्घाटन. यांतले एकही चित्र वाईट नाही, पण ती सगळी वाचकाने आधीच पाहिलेली असतात, म्हणून मी ती कागदावर भरभर काढून मोकळा होतो. डोक्यात ठेवली तर ती वाट अडवून बसतात. मग मी स्वतःला विचारतो, की या बातमीने चिंता कोणाला वाटेल? नागरिकाला नाही, कारण त्याचा विश्वासच नाही. चिंता वाटेल ती रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला, कारण त्याचा पावसाळा खड्ड्यांवर चालतो. मग चित्र दिसू लागले : हातात पेपर धरून घाबरलेला गॅरेजमधला पोऱ्या आणि स्कूटरचे चाक खोलत बसलेला निर्धास्त उस्ताद. मथळा पहिल्यांदा असा लिहिला : ‘अरे, घाबरू नकोस, गेल्या वर्षीसुद्धा साहेब असेच म्हणाले होते!’ विनोद होता, पण शब्द फार होते. दुसऱ्यांदा ‘गेल्या वर्षीचाही पेपर वाच!’ असा केला, तर तो उपदेशासारखा वाटू लागला. शेवटी गॅरेजच्या भिंतीवर, दिनदर्शिकेशेजारी, तेलाचे डाग पडलेले एक जुने वर्तमानपत्र चिकटवलेले दाखवले, त्यावर तीच बातमी, तेच ‘१५ दिवसांत’, आणि उस्तादाच्या तोंडी दोनच शब्द ठेवले : ‘घाबरू नकोस.’

हे चित्र मला आजही आवडते आणि ते कधीही नीट छापले गेले नाही. रात्री उशिरा एक जाहिरात आली, पान लावणाऱ्या ऑपरेटरने जागा करण्यासाठी चित्राची डावी कड दोन सेंटिमीटर कापली आणि भिंतीवरचा जुना पेपर नेमका त्या दोन सेंटिमीटरमध्ये होता. सकाळी वाचकांच्या हाती पडला तो घाबरलेला मुलगा, स्कूटर आणि ‘घाबरू नकोस’. दिवसभर फोन येत राहिले, की यात विनोद काय आहे. ऑपरेटरवर राग काढण्यात अर्थ नव्हता, त्याला पान सोडायचे होते आणि सहसंपादकाने ‘थोडे छाटून बसव’ असेच सांगितले होते. तेव्हापासून ज्याच्यावर विनोद उभा आहे ती वस्तू मी कधीही कडेला ठेवत नाही, ती चेहऱ्यांच्या मधोमध ठेवतो आणि चित्राला जाड चौकट काढतो, कारण चौकट कापताना माणूस दहादा विचार करतो. कलाशाळेत रचनेचे जे नियम शिकवतात त्यांत हा नियम नाही.

चेहऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. पुढाऱ्याचे अर्कचित्र एका दिवसात सापडत नाही. पहिले पाचसात प्रयत्न फोटोसारखे होतात आणि मग हळूहळू एखादी भुवई, मान वळवण्याची लकब किंवा चष्म्यावरून पाहण्याची सवय हाती लागते. मंत्रिमंडळाचा विस्तार दुपारी चार वाजता होतो आणि ज्याचा चेहरा आपण कधी पाहिलेला नाही अशा राज्यमंत्र्याचे चित्र सात वाजता द्यायचे असते, तेव्हा टोपी, जाकीट आणि गळ्यातला हार यांवर भागवावे लागते, हे कबूल करतो. लक्ष्मण लहानपणापासून कावळे काढत आले आणि अखेरपर्यंत काढत राहिले; पुढाऱ्यांची मान, चोच आणि डोळा त्यांना इतक्या सहज कसा सापडे याचे उत्तर मला त्या कावळ्यांत दिसते.

दबावाचा प्रश्न आपण भीतभीत विचारला आहे, पण तो भीतभीत विचारण्यासारखा नाही, कारण तो रोजचाच आहे. सगळ्यांना आठवते ती आणीबाणी. जून १९७५ मध्ये प्रसिद्धीपूर्व तपासणी, म्हणजे मजकूर छापण्याआधी सरकारी सेन्सॉरकडून तपासून घेण्याची सक्ती, लागू झाली. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४८ पासून चालवलेले व्यंगचित्रांचे साप्ताहिक ‘शंकर्स वीकली’ त्याच वर्षी ऑगस्टअखेर बंद केले. हे तेच शंकर, ज्यांना पंडित नेहरूंनी ‘माझीही गय करू नका’ असे सांगितले होते. डिसेंबर १९७५ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचे एक चित्र आले : राष्ट्रपती न्हाणीघरात टबात बसून अध्यादेशावर सही करून दाराबाहेर देत आहेत आणि आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा, असे म्हणत आहेत. तपासणीच्या काळात ते छापले गेले, ही गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. त्यात कोणावर ओरड नाही की कोणाला शिवी नाही. एक माणूस आंघोळ करतो आहे, एवढेच. सेन्सॉरला शब्द अडवण्याची सवय असते; प्रसंग अडवणे त्याला अवघड जाते.

कायद्याचा धाक नाही असे मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकारावर मुंबईत राजद्रोहाचे कलम लावून अटक झाली आणि त्यावरून झालेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, हे कलम कधी लावावे याविषयी पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचना नोंदवल्या. तरी माझ्या वाट्याला पोलीस एकदाही आले नाहीत. आले ते फोन, आणि तेही मला नव्हे, जाहिरात विभागाला. माझी जी २३ चित्रे छापली गेली नाहीत (मी ती एका फाइलमध्ये तारखेसह ठेवली आहेत) त्यांपैकी दोनच राजकीय कारणाने अडली. बाकीची एका बांधकाम व्यावसायिकामुळे, एका खासगी शिक्षणसंस्थेमुळे, एका दागिन्यांच्या पेढीमुळे अशी अडली. संपादक खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘चित्र झकास आहे, पण आज नको.’ ते ‘आज’ पुन्हा कधी येत नाही. लक्ष्मण यांच्यावर इतकी वर्षे कोणी असा हात ठेवला नसेल असे नाही, पण त्यांची चौकट सहसा रिकामी राहिली नाही, हे आपण पाहिलेच आहे.

याच संदर्भात २०१२ मधला दुसरा एक प्रसंग विसरता येत नाही. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले, संविधाननिर्मितीच्या संथ गतीवरचे चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात होते : गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. त्यावरून संसदेत गदारोळ झाला, पाठ्यपुस्तकाचे एक मुख्य सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची तोडफोड झाली. तोडफोडीचे समर्थन होऊच शकत नाही. पण व्यंगचित्रकार म्हणून मी त्यातून एक गोष्ट शिकलो, जी आमच्यातल्या काहींना पटत नाही. १९४९ च्या वाचकाला त्या चाबकात फक्त घाई दिसली असेल. साठ वर्षांनंतर दलित कुटुंबातल्या सोळा वर्षांच्या मुलीला त्याच चाबकात आणखी काही दिसले तर तिचे डोळे चुकीचे आहेत, असे मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रातले चित्र त्या दिवसाच्या बातमीवर टेकून उभे असते आणि बातमी काढून घेतली की ते एका बाजूला कलते. म्हणून मी माझ्या चित्रांचा संग्रह काढताना प्रत्येक चित्राखाली बातमीची दोन वाक्ये छापली, प्रकाशकाला ती शाळकरी वाटली तरीही.

पोटाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. मी कामाला लागलो तेव्हा माझ्या शहरातल्या तीन दैनिकांत पगारी व्यंगचित्रकार होते. आज एकाही दैनिकात नाही, दोन ठिकाणी बाहेरून चित्रे घेतात. हे केवळ आपल्याकडचे नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका चित्रावरून वाद झाल्यानंतर २०१९ मध्ये आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतील रोजची राजकीय व्यंगचित्रेच बंद केली. म्हणून माझा सल्ला असा, की पहिली पाच वर्षे व्यंगचित्राला पगार समजू नये. मुखपृष्ठे, पाठ्यपुस्तकांची चित्रे, दिवाळी अंक, जाहिरातीचे रेखाटन यांवर घर चालवावे. यात कमीपणा नाही. एशियन पेंट्सचा हातात ब्रश घेतलेला ‘गट्टू’ लक्ष्मण यांनीच १९५४ मध्ये काढला होता. मात्र समाजमाध्यमांवर का होईना, दिवसातली एक वेळ ठरवून, रोज, सुट्टी न घेता एक चित्र टाकावे. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी तर नक्कीच टाकावे, कारण आपल्याला नेमका त्याच दिवसाचा सराव हवा आहे.

पदवीविषयी आपण फार काळजी करता आहात. हात तयार आहे तो पुरेसा आहे. कमी आहे ते वाचन, आणि ते आपल्या तिन्ही चित्रांवरून दिसते.

पहिल्या चित्रातील मुख्यमंत्र्यांची मान उत्तम जमली आहे, पण मथळ्यात १४ शब्द आहेत. ते सहावर आणावेत. दुसरे चित्र ही निव्वळ बातमी आहे, त्याला आपले मत नाही. तिसऱ्या चित्रात पाठीवर पोते घेतलेला माणूस आहे आणि पोत्यावर ‘महागाई’ असे लिहिले आहे. तो शब्द पुसून, पोत्याऐवजी किराण्याच्या पिशवीतून डोकावणारी वस्तू आणि हातातील यादीत खोडलेल्या ओळी दाखवून चित्र पुन्हा करावे, आणि यादीतली शेवटची न खोडलेली वस्तू कोणती ठेवायची ते स्वयंपाकघर चालवणाऱ्या कोणाला तरी विचारून ठरवावे. झाले की पाठवून द्यावे. मी रात्री, पान सुटल्यावर पाहीन.